प्रतिसाद : बारमाही मैफलींसाठी सभागृहच हवे का?

पाडवा पहाट आणि सुला वाइनरीचा सुलाफेस्ट हा संगीत महोत्सव वगळता नाशिकमध्ये वर्षभर गाणे ऐकायला मिळत नाही आणि त्याचे कारण परवडणारे सभागृह नसणे हे आहे, हे मत मला अर्धेच पटते. भाड्याची अडचण खरी आहे; परंतु या चर्चेत एक गोष्ट राहून गेली. ज्या गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय ही संगीतशाळा स्थापन केली आणि राजदरबारातले गाणे तिकीट लावून सामान्य श्रोत्यांपुढे आणले, त्यांनी उत्तरायुष्यात नाशिकमध्येच रामनाम आधार आश्रम उभारला. त्यांचे चिरंजीव, गायक द. वि. पलुस्कर यांचा जन्मही नाशिकचाच, १९२१ चा.

शिवाय गाण्याला सभागृहच लागते असे नाही. आमच्या वसाहतीतील मंदिराच्या सभामंडपात दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी गाण्याची बैठक होते. ध्वनिक्षेपक नसतो, बिदागी वर्गणीतून दिली जाते, आणि पावसाळ्यात दमट हवेने तबल्याचा स्वर उतरतो म्हणून तो पुन्हा लावेपर्यंत श्रोते शांतपणे थांबतात. वार ठरलेला असल्यामुळे निमंत्रणे द्यावी लागत नाहीत, आणि एरवी एकमेकांना न ओळखणारे शेजारी सतरंजी घालायला आपणहून लवकर येतात.