मदत हवी आहे: बीएएसएलपी झालंय, जर्मनीत माझ्या शिक्षणाचं काय होईल?

नमस्कार मंडळी,

बीएएसएलपी (श्रवण आणि वाचा-उपचाराची चार वर्षांची पदवी) केलंय, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी आहे. तीन वर्षं पुण्यात एका कान-नाक-घसा डॉक्टरांकडे काम करतेय: ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी), लहान मुलांची बेरा (डोक्याला इलेक्ट्रोड लावून करायची श्रवणचाचणी), श्रवणयंत्र लावून देणं, सगळंच. नवऱ्याची पुढच्या वर्षी हॅम्बुर्गला बदली आहे. तिकडे जाऊन नुसतं घरी बसायचं नाही, एवढं पक्कं.

युरोपात सगळीकडे साधारण एकच पद्धत असेल असा माझा भाबडा समज होता. शोधायला बसले आणि डोकं गरगरलं. स्वीडनमध्ये 'ऑडिओनोम' (श्रवणतज्ज्ञ) व्हायला विद्यापीठाची तीन वर्षांची पदवी आणि मग सरकारी परवाना. स्पेनमध्ये श्रवणयंत्रं बसवणाऱ्याला विद्यापीठाची पायरीही चढावी लागत नाही, दोन वर्षांचा व्यवसाय अभ्यासक्रम असतो. इटलीत कान तपासणारा वेगळा, यंत्र लावणारा वेगळा, दोघांच्या पदव्याही वेगळ्या. (इथे मी दोन्ही करून वर स्पीच थेरपीही घेते, पगार एकच!) मैत्रीण म्हणते यूकेला जा. पण तिथे 'हिअरिंग एड डिस्पेन्सर' हे नाव कायद्याने राखीव आणि 'ऑडिओलॉजिस्ट' मात्र नाही, हे वाचून आणखीनच गोंधळले.

आणि जर्मनी! तिथे 'ह्योरआकुस्टिकर' (श्रवणयंत्रं लावून देणारा) हा चक्क हस्तव्यवसाय, सुतार आणि बेकरीवाल्यांच्या पंगतीतला. तीन वर्षं दुकानात उमेदवारी, मधूनमधून शाळेसाठी ल्यूबेक शहरात जायचं. सासरे म्हणाले, "चार वर्षं शिकून परत उमेदवारी?" मला उत्तर सुचलं नाही.

तर माझी पदवी तिथे कुठल्या खात्यात जमा होते? पुन्हा पहिलीपासून बसायचं का?

दुसरी धास्ती भाषेची. स्पीच टेस्टला मी तोंडासमोर कागद धरते, म्हणजे पेशंटला ओठ दिसत नाहीत. मी 'काठी' म्हणते, आजोबा ठणठणीत आवाजात 'पाटी' म्हणतात, आणि त्यावरून मला कळतं कुठले आवाज निसटतायत. हे जर्मनमध्ये मला कधी जमणार?

कुणी या वाटेने गेलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद

ताई, मी ल्यूबेकमध्येच शिकतोय. 'हस्तव्यवसाय' शब्दाला बिचकू नका. इथे निदान कान-नाक-घसा डॉक्टर करतात, चिठ्ठी तेच देतात. यंत्र निवडणं, कानाचा साचा, फिटिंग, पुढची सगळी निगा दुकानातल्या माणसाकडे. उमेदवारीनंतर परीक्षा देऊन 'गेझेल' (प्रशिक्षित कारागीर) होता, पुढे 'माइस्टर' (उस्ताद) झालात की स्वतःचं दुकान थाटता येतं. तुमचं बेराचं काम मात्र इथे दवाखान्यातच मिळेल, दुकानात नाही. ते सुटल्याचं वाईट वाटेल, आधीच सांगून ठेवतो.

पहिलीपासून बसायची गरज नसावी. परदेशी शिक्षण ह्योरआकुस्टिकरच्या बरोबरीचं आहे का, हे 'हांडवेर्क्सकामर' (हस्तव्यवसायांची अधिकृत संस्था) तपासून देते; कमी पडलं तर काय भरून काढायचं तेही सांगते. पदवीच हवी असेल तर ल्यूबेकला आहे, ओल्डेनबर्गलाही 'ह्योरटेक्निक उंड आउडिओलोगी' (श्रवणतंत्र आणि श्रवणशास्त्र) आहे. पण तिथे गणित-फिजिक्स भरपूर, आणि स्पीच थेरपी हा इथे साफ वेगळा पेशा आहे.

भाषेचं म्हणाल तर इथली नेहमीची फ्रायबुर्ग चाचणी म्हणजे एका अक्षरावयवाचे (एकाच सिलेबलचे) शब्द आणि दोन आकडी संख्या. संख्यांना तुम्ही घाबरणार नाही. ५४ ला जर्मन माणूस 'चार आणि पन्नास' म्हणतो, म्हणजे आपलं चोपन्नच! माझ्या वर्गातला स्पॅनिश मुलगा यात अजून अडखळतो. एका सिलेबलचे शब्द मात्र घाम काढतात.

आणि एक, निघण्याआधी कॉलेजकडून विषयवार तास आणि इंटर्नशिपचे तास लिहिलेलं पत्र शिक्क्यासकट घ्या. मी ते इथून मागवलं, पाच महिने लागले.