रोमन थडग्यांवरचं ‘कोन्युन्क्स’ : पत्नी की सहचारिणी?

प्रश्न : रोमन थडग्यांवरचे काही लेख मराठीत आणतेय. सैनिकाच्या बायकोसाठी बहुधा ‘कोन्युन्क्स’ हा लॅटिन शब्द असतो. पण सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळापर्यंत चाकरीतल्या सैनिकाचं लग्न कायद्याला मान्यच नव्हतं. मग ‘पत्नी’ लिहू की ‘सहचारिणी’?

प्रतिसाद : पत्नीच लिहा. दगड ज्याने कोरून घेतला त्याने तिला बायको म्हटलंय. कायद्याचं काय ते तळटीपेत सांगा. सहाय्यक (रोमन नागरिक नसलेल्यांच्या) पलटणीतल्या शिपायाला २५ वर्षं चाकरी झाली की विवाहाचा हक्क मिळे, तोवर पोरं हाताशी आलेली असत! शिवाय ‘सहचारिणी’ आपल्याकडे निधनवार्तेत लग्नाच्या बायकोलाच लावतात, म्हणजे तुम्हाला हवा तो फरक दिसणारच नाही. गुलामांच्या जोडप्यांसाठी येणाऱ्या ‘कोंतुबेर्नालिस’ला (मुळात एका तंबूत राहणारा) ‘जोडीदार’ बरा.

प्रतिसाद : इंग्लंडमधल्या साउथ शील्ड्सची रेगिनाची शिळा बघा. वेताच्या खुर्चीत बसलेली बाई, एकीकडे लोकरीच्या गुंड्यांची टोपली, दुसरीकडे दागिन्यांची पेटी. नवरा बाराटेस, सीरियातल्या पाल्मिराचा. तो तिला ‘लिबेर्ता’ही (दास्यातून सुटलेली) म्हणतो आणि ‘कोन्युन्क्स’ही. आधी त्याची दासी, मग मुक्त केलेली, मग पत्नी, वय ३०. इथे ‘मुक्त स्त्री’ लिहिलंत तर भलतंच ध्वनित होईल, ‘दास्यमुक्त’ हवं. पुढचं ‘नातिओने’ म्हणजे जमातीने. ती ब्रिटनमधल्या कातुवेल्लाउनी जमातीची होती, तिथे ‘राष्ट्र’ नको. लॅटिन मजकुराचं व्याकरण डळमळीत आहे. खाली पाल्मिराच्या लिपीतली ओळ मात्र सफाईदार : ‘रेगिना, बाराटेसची दास्यमुक्ता, हाय!’

प्रश्नकर्ती : ‘हाय’ तसंच ठेवते. आणि ब्रिटनमधला रोमन अधिकारी क्लासिकियानुस, त्याच्या शिळेवरचा ‘प्रोकुरातोर’? राज्यपाल?

प्रतिसाद : अजिबात नाही. ब्रिटनमधली राणी बुडिका हिचं रोमनांविरुद्धचं बंड (इ.स. ६०-६१) मोडलं तेव्हा ब्रिटनचा राज्यपाल सुएतोनियस पाउलिनस होता, आणि त्याचं नि क्लासिकियानुसचं पटत नव्हतं असं रोमन इतिहासकार तासितुस सांगतो. प्रोकुरातोर महसूल बघे आणि थेट सम्राटाला जबाबदार असे. मोगली सुभ्यात सुभेदाराशेजारी दिवाण असे, तसाच. पण नुसतं ‘दिवाण’ लिहिलं की वाचकाला संस्थानाचा दिवाण आठवणार. ‘प्रांताचा महसूल अधिकारी’ रुक्ष आहे, पण फसवत नाही. क्लासिकियानुसची शिळा लंडनमध्ये तुकड्यातुकड्यांनी सापडली, १८५२ आणि १९३५ साली. ती उभारणाऱ्या त्याच्या बायकोला, युलिया पाकाताला, तिथे ‘उक्सोर’ म्हटलंय. तीही पत्नीच, वेगळा शब्द शोधत बसू नका.

प्रतिसाद : थडग्यावरच्या लेखाच्या सुरुवातीचं ‘डी. एम.’ म्हणजे ‘दीस मानिबुस’, पितृदेवतांस. तिथे ‘कै.’ घालायचा मोह मात्र आवरा, कैलासाचा नि त्यांचा काही संबंध नाही.