कॅबिनेट विकत घ्यायचं की घरीच करायचं? कमी पैशांतला काँप्युटर, गावाकडचा

पांढरकवड्याचा शेतकरी

पुतणी बारावी सायन्सला आहे. तिला कोडिंग शिकायचं आहे. घरात ठरलेली रक्कम १४,००० रुपये, तीही कापसाचे चुकारे आल्यावर. बोर्ड (मदरबोर्ड), प्रोसेसर आणि रॅम वापरलेले घेतले, मॉनिटर जुना, एसएसडी (साठवणीची डिस्क) तेवढी नवी. शेवटी अडलं ते एसएमपीएसपाशी, म्हणजे घरातली वीज बोर्डाला लागेल तशी करून देणाऱ्या डब्यापाशी. चांगला एसएमपीएस घेतला तर कॅबिनेटला, म्हणजे बाहेरच्या पेटीला, पैसे उरत नव्हते, आणि कॅबिनेट घेतलं तर त्याच्यासोबत येणाऱ्या हलक्या एसएमपीएसवर भागवावं लागणार होतं. गावात लाइट दिवसातून चार वेळा जाते-येते, व्होल्टेज कधी १८० तर कधी २५०. मी एसएमपीएस निवडला आणि कॅबिनेट घरी केलं.

आमच्याकडे कोठ्यात एक जुना लोखंडी कूलर पडून होता. खालची टाकी खाऱ्या पाण्यानं सडलेली, पण वरचा पत्रा ठणठणीत. भंगारवाल्याकडून १२० रुपयांत एक मोडकं कॅबिनेट आणलं आणि त्यातला फक्त मागचा पत्रा व बोर्ड बसवायची प्लेट कापून घेतली. हे मी मुद्दाम सांगतो, कारण घरी करणारे सगळे इथेच फसतात. बोर्डामागच्या सॉकेटांची चौकट साधारण १५९ बाय ४४ मिलिमीटर असते, कार्डाच्या दोन खाचांमधलं अंतर २०.३२ मिलिमीटर. कानस मारून हे माप साधत नाही. बाकी सगळं सोपं आहे. आमचा बोर्ड मायक्रो एटीएक्स मापाचा, म्हणजे २४४ बाय २४४ मिलिमीटर, त्याच्याभोवती कूलरचा पत्रा वाकवला, गुण्या लावून काटकोन पाहिला, पॉप रिव्हेट मारले. कूलरची तिरप्या पट्ट्यांची बाजू तशीच हवेसाठी ठेवली.

खर्च: भंगार १२०, रिव्हेट ६०, रंगाचा स्प्रे १५०, कडांना रबर ४०, १२० मिलिमीटरचे दोन पंखे ४४०. एकूण ८१०.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. ज्याचं बजेट पंधरा हजारांच्या आत आहे त्यानं कॅबिनेटवर पैसा घालूच नये. कॅबिनेटनं काँप्युटर वेगवान होत नाही, आणि लाइटच्या झटक्यातून वाचतही नाही. तुमचं मत सांगा.

परतवाड्याचा मेकॅनिक

भाऊ, मेहनतीचं कौतुक आहे, पण हिशेब अर्धा मांडलात. किती दिवस लागले? दोन तरी लागले असतील. शेतात दोन दिवस गेले असते तर मजुरी किती झाली असती, ती जोडा. माझ्याकडे दीड हजारात पंखे लावलेलं नवं कॅबिनेट मिळतं, त्यात एसएमपीएस नसतो, तो तुम्ही तुमच्या पसंतीचा घ्या. तुमचे खरे वाचले ७०० रुपये. त्या ७०० साठी पत्र्याची धार, ड्रिलचा बारीक कीस आणि कापलेली बोटं!

तो कीस साधा समजू नका. दोन महिन्यांपूर्वी एकानं घरी भोक पाडलेलं मशीन आणलं. पत्र्याचा बारीकसा कण बोर्डाच्या खाली अडकला होता, बोर्ड गेला. बोर्ड अडीच हजारांचा. बोर्ड लावण्याआधी सगळी कापाकापी संपलेली पाहिजे आणि पत्रा ब्रशनं, मग ओल्या फडक्यानं पुसून वाळवलेला पाहिजे. हे किती जण करतात?

दर्यापूरची काळी माती

राजेहो, तुम्ही परतवाड्याच्या दरानं हिशेब करून राह्यले. आमच्या गावाले पार्सल येतच नाई, तालुक्याले येते. आनाले गेलो का एक दिवस मोडला. मी मागवलं होतं गेल्या साली. डबा भिजेल होता, मागचा पत्रा चेपेल, बाजूची काच फुटेल. परत करा म्हने, त्याच डब्यात भरून. तो डबा हातात धरला तं सुटून राह्यला होता.

अन् दुसरी गोष्ट कोनी बोलतच नाई. सस्त्यात जे बोर्ड भेटते ते जुन्या ऑफिसच्या मशीनीतले असते. त्याची भोकं येगळी, एसएमपीएसचा आकार येगळा, बटनाची वायर येगळी. बाजारातलं दीड हजाराचं कॅबिनेट आनलं तरी ते बसनार नाई. मंग करा ना काय करता ते! मी प्लायच्या फळीवर बोर्ड ठेवला, पेनाच्या रिकाम्या नळीचे तुकडे कापून भोकाखाली दिले, वरून स्क्रू आवळले. तीन वर्सं झाले, चालून राह्यला.

आलापल्लीकडचा

पत्र्याची हौस कशाला? आमच्याकडे सागाचे तुकडे सुताराच्या दारात पडलेले असतात. मी १२ मिलिमीटरच्या प्लायची पेटी केली, कोपऱ्यांना सागाच्या पट्ट्या, आतून सनमायका. धार नाही, पंख्याची घरघर कमी, दिसायला देवघरासारखी. "लाकूड पेट घेईल" असं लोक म्हणतात. आतली हवा ५०-६० अंशांच्या पुढे जात नाही, लाकूड पेटायला अडीचशेच्या वर लागतात. उष्णता बाहेर नेतो तो पंखा, पत्रा नाही.

परतवाड्याचा मेकॅनिक

पेटणार नाही हे मान्य. पण लाकडात उंदीर आणि वाळवी येते, ती मी पाहिली आहे. वायरीचा गुंडाळा ऊबदार जागी मिळाला की उंदीर तिथेच घर करतो. आणि पत्र्याची पेटी रेडिओ लहरी अडवते, लाकूड अडवत नाही. शेजारी रेडिओ लावून बघा, खरखर ऐकू येते का ते.

वायरमन, मूर्तिजापूर

तुम्ही सगळे ७०० रुपयांवर भांडताय आणि जिवाची गोष्ट राहून गेली. शेतकरी दादा, मला एक सांगा, तुमच्या पुतणीला त्या पेटीला अनवाण्या पायानं हात लावल्यावर झिणझिण होते का?

होत असेल तर कारण ऐका. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून बाहेरच्या पत्र्याकडे एकेक छोटा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) जोडलेला असतो. एसएमपीएसमध्ये तयार होणारा विजेचा गोंगाट त्यातून जमिनीत जावा, हा हेतू. घरात अर्थिंग नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि त्यावर साधारण निम्मा दाब, ११५ व्होल्टच्या आसपास, दिसतो. प्रवाह एक मिलिअँपिअरच्याही आत, म्हणून नुसती झिणझिण. लोक म्हणतात, काही होत नाही, सवय झाली. पण उद्या आतली फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली तर तीच पेटी पूर्ण २३० व्होल्टवर जाते. अर्थिंग असेल तर फ्यूज उडतो, नसेल तर माणूस अर्थिंग होतो.

आता घरी केलेल्या पेटीची खास अडचण. एसएमपीएस स्क्रूनं मागच्या पत्र्याला लागतो, त्यामुळे मागच्या पत्र्याला अर्थ मिळतो. पण बाजूचा पत्रा कूलरचा, त्यावर जुना रंग, वरून नवा रंग, मध्ये रिव्हेट. तो बाजूचा पत्रा विजेच्या दृष्टीनं सुटा राहू शकतो. प्रत्येक जोडावर रंग खरवडा, आतून हिरव्या वायरीनं सगळे पत्रे एकमेकांना आणि एसएमपीएसच्या स्क्रूला जोडा, वायरीच्या टोकाला लग (स्क्रूखाली बसणारी धातूची कडी) लावून. मग मल्टिमीटरनं प्लगच्या जाड पिनेपासून प्रत्येक पत्र्यापर्यंत तपासा, अर्थातच प्लग भिंतीच्या सॉकेटातून काढून.

आणि घराचं अर्थिंग. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात हात भेगा पडतात. पावसाळ्यात चाललेलं अर्थिंग मे महिन्यात नावापुरतं उरतं. रॉडच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात ते ओल धरून ठेवायला. नवतपाच्या कडक उन्हात तिथे रोज बादलीभर पाणी ओतत जा. हे काम वायरमनकडूनच करून घ्या. अर्थिंगशिवाय पत्र्याच्या पेटीला माझा विरोध आहे, मग ती विकतची असो की घरची. लाकडाच्या पेटीतही एसएमपीएसचं अंग लोखंडीच असतं, तेव्हा तिथेही सुटका नाही.

जिनिंगमधला

वणीजवळ जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात) संगणकावर वजनकाट्याचं काम करतो. त्या संगणकाच्या तोंडावर कापसाचे तंतू अक्षरशः लोकरीसारखे साचतात. कूलरच्या पट्ट्या उघड्या ठेवल्या तर दिवाळीनंतर पुतणीच्या मशीनचंही हेच होईल, घरात कापूस साठवत असाल तर नक्कीच.

आत हवा ओढणाऱ्या पंख्यापुढे मच्छरदाणीची जाळी लावा, आणि ओढणारा पंखा बाहेर फेकणाऱ्यापेक्षा थोडा जोरात चालू द्या. मग आत हवेचा दाब किंचित जास्त राहतो, फटीतून धूळ शिरत नाही, जे यायचं ते जाळीतूनच येतं. जाळीनं हवा थोडी कमी होते, ती किंमत द्यावी लागते. हंगामात आठ दिवसांनी जाळी झटकायची. आणि जाळी बारीक असली की पालही शिरत नाही. आमच्या एका मशीनचा बोर्ड पालीनं घालवला होता.

घरचा कूलर सुरू असेल तर त्याच्या थेट झोतात पेटी ठेवू नका. थंड हवा चांगली, पण पाण्याचे तुषार उडतात.

शाळेतली बाई, अकोट तालुका

शेतकरी दादांची पेटी मला आवडली, तरी मी विरोधातच बोलणार आहे. "पंधरा हजारांच्या आत कॅबिनेट घेऊच नये" हे वाक्य आमची नववी-दहावीची मुलं वाचतात आणि दुसऱ्या दिवशी भंगारातून एसएमपीएस उचलून आणतात, त्याचं टोपण उघडतात. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो, प्लग काढल्यावरही तो काही वेळ टिकू शकतो. एका मुलानं पेचकस लावला होता, नशिबानं हातात लाकडी मूठ होती. त्या दिवसापासून मी वर्गात सांगते: बोर्ड उघडा, पंखा उघडा, हार्डडिस्क उघडा, एसएमपीएस बंदच राहील.

पत्रा कापताना मोठं माणूस जवळ, हातमोजे, डोळ्याला चष्मा. एवढं जमत असेल तर करा. नाहीतर दीड हजार साठेपर्यंत थांबा, तोवर बोर्ड फळीवर चालू द्या.

पांढरकवड्याचा शेतकरी

वायरमन दादा, खरं सांगतो, झिणझिण होत होती. मला वाटलं सगळ्यांच्याच काँप्युटरला होते. काल सांगितल्याप्रमाणे तपासलं: मागचा पत्रा प्लगच्या पिनेला जोडलेला निघाला, पट्ट्यांची बाजू नाही. रंग खरवडून हिरवी वायर दिली. घराचं अर्थिंग तर नव्हतंच, सॉकेटच्या तिसऱ्या भोकात वायरच नव्हती. सोमवारी वायरमन येतोय, तोवर मशीन बंद. माझ्या खर्चात आता अर्थिंगचे पैसे धरा, म्हणजे मेकॅनिक भाऊंची तक्रार अर्धी खरी ठरली.

पण दोन दिवसांच्या मजुरीचं मी मानत नाही. ते दोन दिवस पाऊस होता, शेतात जाणं नव्हतंच. आणि पुतणीनं बोर्डाच्या नऊ भोकांपैकी कोणतं भोक वापरायचं, बोर्ड टेकवायची कुठली खुंटी काढून टाकायची, हे स्वतः शोधलं. जादा खुंटी बोर्डाच्या मागच्या सोल्डरला टेकली तर शॉर्ट होतो, हे तिला आता कुणी शिकवायला नको. विकतच्या पेटीत हे सगळं दुकानदार करून देतो.

बाई, तुमचं मान्य. माझ्या वाक्यात "मोठ्या माणसासोबत" आणि "एसएमपीएस न उघडता" एवढं जोडतो.

परतवाड्याचा मेकॅनिक

पावसाचे दिवस असतील तर मजुरीचा मुद्दा मागे घेतो. बाकी माझं मत तेच. ज्याच्याकडे दीड हजार आहेत आणि साधा बोर्ड आहे, त्यानं विकतच घ्यावं. ऑफिसच्या बोर्डाचं दर्यापूरकरांचं बरोबर आहे, तिथे मीही गिऱ्हाइकाला प्लायची फळीच सुचवतो. भंगारातली मागची प्लेट हवी असेल तर दुकानात दहा-बारा पडल्या आहेत, फुकट न्या.

दर्यापूरची काळी माती

भाऊ, मले एक द्या बाजूले ठेवून. अन् चालू कराच्या बटनाचं काय करता? मी तं पेचकसानं दोन पिना टेकवतो रोज.

पांढरकवड्याचा शेतकरी

दाबून सोडलं की परत येणारं कोणतंही बटण चालतं, मी दाराच्या बेलचं नवं बटण लावलं, ३० रुपये (हे वर हिशेबात राहून गेलं, एकूण ८४० धरा). बोर्डाच्या कोपऱ्यातल्या त्या दोन पिनांनाच फक्त दोन वायरी द्यायच्या, उलटसुलट झाल्या तरी चालतं. घरातल्या बेलच्या लाइनची वायर मात्र त्याला चुकूनही लावू नका, ती २३० व्होल्टची असते.