कीटकभक्षी वनस्पतींवर जिओकॅशिंगचा खेळ रचतोय, कासच्या सड्याला (खडकाळ पठाराला) धक्का न लावता. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही साताऱ्यात राहतो. गणपतीत भाचरं येतात, आठ ते चौदा वयाची सहाजणं. यंदा त्यांना जिओकॅशिंगसारखा, म्हणजे जीपीएसवर अक्षांश-रेखांश बघून लपवलेली डबी हुडकायची तसा, खजिना शोधायला लावायचा आहे आणि विषय ठरलाय कीटकभक्षी वनस्पती. त्या दिवसांत कासला दवबिंदू आणि सीतेची आसवे या दोन्ही कीटकभक्षी वनस्पती बघायला मिळतात. जांभ्यावरच्या त्या पातळ मातीत नत्र जेमतेम, म्हणून ही रोपं किडे धरतात, हे मुलांनी तिथेच बघावं असं फार वाटतं.

सड्यावर डबी मात्र ठेवायची नाही, हे माझं पक्कं आहे. मोबाइलच्या जीपीएसमध्ये उघड्यावरही पाच-सात मीटरचा फरक पडतो. तेवढ्या जागेत मुलं डबी हुडकत फिरली, तर काय होईल? दवबिंदूची एक जात तर जमिनीला चिकटलेली, जेमतेम नाण्याएवढी असते. पाय पडला तरी कळत नाही.

म्हणून मुलांनी कासला आखलेल्या वाटेवरूनच निरीक्षण करायचं, उत्तरं वहीत लिहायची आणि त्यातून आमच्या परसाचे अक्षांश काढायचे. डबी घटपर्णीच्या कुंडीमागे. अक्षांश '१७ अंश, मिनिटं आणि मिनिटाच्या दशांश चिन्हानंतरचे तीन आकडे' असे लिहिले, की शेवटचा आकडा एकाने चुकला तर फरक साधारण 1.85 मीटर, पण दशांशातला पहिलाच चुकला तर 185 मीटर, म्हणजे थेट दुसऱ्या आळीत! म्हणून पहिल्या आकड्याला दवबिंदूच्या पाकळ्या (5) घेतल्यात, त्या मोजताना चूक होणं कठीण. दुसऱ्याला आसवांच्या फुलावरचे दोन पांढरे ठिपके. त्यात ठरलेली संख्या मिळवायची.

तिसऱ्या आकड्याला अडलोय. मला तो आसवांच्या सापळ्यावरूनच हवा आहे, कारण खरी गंमत तिथेच आहे. मातीखाली बारीक फुगे असतात, तोंडाशी केस असतात. केसाला धक्का लागला की झडप उघडते आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत पाणी किड्यासकट आत खेचलं जातं. पण हे दाखवायला रोप उपटावं लागेल, आणि ते मी करणार नाही.

याच कुळातली, पिवळ्या फुलांची एक जात तळ्यात तरंगते. तिचे फुगे नुसत्या डोळ्यांना दिसतात म्हणे. कोणी घरी बरणीत वाढवली आहे का? नळाचं पाणी चालतं की पावसाचंच लागतं? खाऊ म्हणून डासांच्या अळ्या सोडल्या तर फुगे मोजण्याइतके भरलेले दिसतील का? रोप शेततळ्यातून आणावं की रोपवाटिकेत मिळतं?

आणि ज्यांनी मुलांसाठी असे खेळ रचलेत त्यांना विचारतो: आठ वर्षांच्या मुलाला रेखांशाचंही गणित द्यावं, की ते तयारच हातात ठेवावं?