लाँचला १४३ अपव्होट, वापरणारे चार. पुन्हा लाँच करू का?

अर्धाफॉर्म:
नोकरी सांभाळून, रात्री जागून सात महिन्यांत एक ब्राउझर एक्स्टेन्शन केलं. लांबलचक फॉर्म भरताना पान चुकून रिफ्रेश झालं की सगळं जातं ना, ते हे जपून ठेवतं. गेल्या मंगळवारी एका लाँच साइटवर टाकलं. दिवसभर फोन हातातून सुटला नाही. १४३ अपव्होट, 'अभिनंदन!', 'मस्त डिझाइन!' छापाच्या तीसेक कमेंट. आज आठवड्याने रोज वापरणारे चार, त्यातला एक मी आणि एक माझा भाऊ. एका शहाण्याने तर 'पासवर्डपण साठवता का?' एवढंच विचारलं. त्याला मी उत्तरच दिलं नाही. आता हॅकर न्यूजवर (प्रोग्रामर मंडळींची लिंक आणि चर्चेची साइट) टाकू, की मित्रांना आधी सांगून ठेवून पुन्हा लाँच करू?

रात्रपाळी:
मित्रांकडे मतं मागू नका. हॅकर न्यूजच्या नियमांत ते बसत नाही, प्रॉडक्ट हंट या लाँच साइटवरही थेट अपव्होट मागायला मनाई आहे. तिथला दिवस पॅसिफिक वेळेप्रमाणे मध्यरात्री पालटतो आणि पहिल्या पानावर दुसऱ्यांच्या वस्तू येतात. तुमच्या १४३ मधले बरेचसे स्वतःचं काहीतरी लाँच करायला आलेलेच असणार. अहो रूपम् अहो ध्वनिः! त्यांना फॉर्म भरायचाच नव्हता.

जुनं_खोड:
'शो एचएन'मध्ये टाक, हॅकर न्यूजवर स्वतः केलेलं दाखवायची जागा ती. तिथे लोकांना लगेच वापरून बघता येईल अशी वस्तू लागते, नुसतं ईमेल गोळा करणारं पान चालत नाही. तुझं चालेल. फक्त अभिनंदनाची अपेक्षा ठेवू नकोस. २००७ मध्ये ड्रॉपबॉक्स (आपल्या फायली नेटवरून सगळ्या कॉम्प्युटरवर सारख्या ठेवणारं) हॅकर न्यूजवर दाखवलं तेव्हा एकाने लिहिलं होतं, लिनक्सवर एफटीपी अकाउंट (दूरच्या सर्व्हरवरची फायलींची जागा) माउंट करून त्यावर व्हर्जन कंट्रोल (जुन्या आवृत्त्या जपणारं) बसवलं की झालंच की हे! लोक अजून त्याला हसतात. पण त्याच कमेंटमध्ये, नेट नसलं तर पेनड्राइव्ह जवळ लागणारच, हाही मुद्दा होता आणि ड्रॉपबॉक्सवाल्याने त्याला शांतपणे उत्तर दिलं होतं. तुझ्या तीस कमेंटींत कामाची एकच, आणि नेमकी तीच तू सोडलीस. साठवतं का रे पासवर्ड?

अर्धाफॉर्म:
नाही हो. साइटने ज्याचा प्रकार 'पासवर्ड' असा लिहिलाय तो रकाना पहिल्या दिवसापासून वगळलाय. म्हणूनच तर राग आला.

रात्रपाळी:
आणि कार्डाचा सीव्हीव्ही? तो कित्येक साइटवर साधा टेक्स्टचा रकाना असतो.

अर्धाफॉर्म:
आत्ता लोकल स्टोरेज, म्हणजे ब्राउझरात हे सगळं साठतं ती जागा, उघडून बघितलं. माझ्याच कार्डाचे तीन आकडे तिथे उघडे पडलेत, शेजारी पूर्ण कार्ड नंबर. घाम फुटला. ऑटोकम्प्लीटची (रकान्यात काय भरायचं ते साइट ब्राउझरला सांगते ती खूण) किंमत 'सीसी'ने, म्हणजे क्रेडिट कार्डाने, सुरू होते ते सगळे रकाने वगळून आज रात्रीच नवीन आवृत्ती टाकतो, आधीचं साठवलेलंही पुसतो. ज्या साइट ऑटोकम्प्लीट लिहितच नाहीत, त्यांचं काय करायचं ते अजून सुचलेलं नाही. त्या माणसाला मात्र उत्तर लिहून आलो. शो एचएन पुढे ढकललं.

जुनं_खोड:
मग उलटं कर. आपणहून काहीच साठवायचं नाही, माणसाने 'या साइटवर जप' म्हटलं तरच.