मदत हवी आहे : ७२ तासांची गोळी आणि गर्भपाताचं किट एकच का?

प्रश्न : ओळखीतल्या एकीची पाळी नऊ दिवस लांबलीय, टेस्टवर दोन रेघा आल्या. निपाणीच्या मेडिकलमध्ये ७२ तासांची गोळी लगेच मिळते, किटला मात्र चिठ्ठी मागतात. कोल्हापुरात चिठ्ठीशिवाय मिळेल का? नवऱ्याची सही लागते का?

उत्तर : दोन रेघा आल्यात ना, मग ७२ तासांची गोळी घेऊन उपयोग नाही. ती संबंधानंतर ७२ तासांत घ्यायची, लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलीग्रॅम. बीज बाहेर पडणं पुढे ढकलते, एवढंच तिचं काम. राहिलेला गर्भ तिने पडत नाही, आणि वाट बघण्यात दिवस जातात.

किटमध्ये मिफेप्रिस्टोनची २०० मिलीग्रॅमची एक आणि मिसोप्रोस्टोलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या असतात. हे नऊ आठवड्यांपर्यंत, म्हणजे ६३ दिवस. मोजायचं शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. इथेच बहुतेकांचं चुकतं. २८ दिवसांची पाळी असेल तर तिचे आज नऊ नव्हे, ३७ दिवस झालेत.

चिठ्ठी का, तर गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नळीत असेल तर या गोळ्या लागू पडत नाहीत. रक्त जातं, बाईला वाटतं काम झालं, आणि इकडे नळी फुटते. म्हणून आधी तपासणी, हिमोग्लोबिन आणि रक्तगट.

दुसरं उत्तर : ताई, कोगनोळी नाका ओलांडून कर्नाटकातून महाराष्ट्रात आलं म्हणून कायदा बदलत नाही. १९७१ चा गर्भपाताचा कायदा केंद्राचा आहे, २०२१ ची दुरुस्तीही दोन्हीकडे लागू. बाई १८ वर्षांची झालेली असेल तर फक्त तिचीच संमती लागते. नवऱ्याची सही कोणी मागितलीच, तर कायद्यात ती नाही असं स्पष्ट सांगा. लग्न झालेलं नसलं तरी हाच नियम. गर्भपात करून घेणाऱ्या बाईचं नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संमतीपत्र कन्नडमध्ये असेल तर नर्सकडून मराठीत समजून घ्या, मगच सही करू दे.

गोळ्यांनंतर तासाला दोन मोठे पॅड भिजून जात असतील आणि असं सलग दोन तास चाललं, चक्कर आली, खांदा दुखू लागला, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. मिसोप्रोस्टोलनंतर २४ तासांत रक्तच गेलं नाही तरीही दाखवायचं. दोन आठवड्यांनी फेरतपासणी चुकवू नका. घरच्या टेस्टवर तेव्हाही दोन रेघा दिसू शकतात, त्यामुळे तिच्यावर विसंबू नका.

प्रश्न विचारणारी : आणि पुढच्या वेळी ७२ तासांची घेतली, आणि उलटी झाली तर?

उत्तर : दोन तासांच्या आत झाली तर पुन्हा एक घ्यायची. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती गोळीपेक्षा भरवशाची.