मदत हवी आहे: प्रायमरीची तारीख राज्य ठरवते की पक्ष?

नमस्कार मंडळी,

मी कॅलिफोर्नियात राहतो. अमेरिकेचे नागरिकत्व मिळाल्यानंतर माझे पहिले मत ५ मार्च २०२४ च्या प्रायमरीत, म्हणजे मुख्य निवडणुकीआधी उमेदवार निवडण्याच्या मतदानात, दिले. पुढची प्रायमरीही मार्चमध्येच असेल असे मी धरून चाललो होतो, पण ती २ जून २०२६ रोजी असल्याचे समजले, आणि तेव्हापासून या तारखांचा घोळ डोक्यातून जात नाही.

एवढे कळले आहे की येथील विधिमंडळाने २०१७ मध्ये कायदा करून प्रायमरी जूनमधून मार्चमध्ये आणली, कारण जून उजाडेपर्यंत अध्यक्षपदाचा उमेदवार बहुधा ठरून गेलेला असतो. पुढे, अध्यक्षपदाची निवडणूक नसलेल्या वर्षांपुरता जून परत आला. म्हणजे तारीख राज्याच्या हातात. परंतु अध्यक्षपदाच्या प्रायमरीची तारीख साउथ कॅरोलायनात पक्ष ठरवतात आणि जॉर्जियात सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे निवडणुकांचे काम पाहणारा राज्याचा अधिकारी! निवडणूक आयोगाने तारीख जाहीर केली की विषय संपला, एवढीच सवय असलेल्या माझ्यासारख्याला हे पचायला जड जाते.

खरी अडचण राज्य आणि पक्ष यांचे न जुळल्यास काय होते, ही आहे. २००८ साली मिशिगनने १५ जानेवारीला आणि फ्लोरिडाने २९ जानेवारीला, म्हणजे पक्षाने आखून दिलेल्या वेळेआधी, मतदान घेतले, तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाने दोन्ही राज्यांचे सर्व प्रतिनिधी (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवारासाठी मत देणारे) बाद ठरवले, ३१ मे रोजी त्यांना प्रत्येकी अर्धे मत दिले आणि ऑगस्टच्या अधिवेशनात पूर्ण मत बहाल केले. फ्लोरिडात तर विधिमंडळ रिपब्लिकनांच्या ताब्यात होते. निर्णय त्यांचा, शिक्षा मात्र डेमोक्रॅट मतदारांना. न्यू हॅम्पशायरची गोष्ट आणखी वेगळी आहे. आपली प्रायमरी तशा इतर कोणत्याही निवडणुकीच्या किमान सात दिवस आधी व्हावी, असा त्या राज्याचा कायदाच असल्याने, २०२४ मध्ये पक्षाने साउथ कॅरोलायनाला पहिला मान देऊनही त्यांनी २३ जानेवारीला मतदान घेतले. बायडेन यांचे नाव मतपत्रिकेवर नव्हते, तरी लोकांनी ते हाताने लिहून त्यांना जिंकवले.

तर जाणकारांना माझे विचारणे असे, की प्रतिनिधी नाकारण्यापलीकडे पक्षाकडे राज्याला वाकवण्याचे कायदेशीर साधन आहे का? आणि राज्याने तारीख बदलण्यास नकार दिल्यास पक्ष स्वखर्चाने वेगळे मतदान घेऊ शकतो का, आणि तसे झाल्यास माझी सध्याची मतदार नोंदणी तेथे चालेल का? दोन्ही वेळा मत देणे गुन्हा ठरणार नाही ना, हेही कृपया सांगावे.